गिळका

"चार मिनिटं! घड्याळ लावून मोजलीत मी. चार मिनिटं ती बाई नुसती दारात उभी!"

मी कप असा आपटला की निम्मा चहा बशीत आला. समोर आमचे जयवंतराव पोह्यांतले शेंगदाणे वेचत होते. हा माणूस आधी शेंगदाणे बाजूला काढतो, मग पोहे संपवतो आणि मग एकेक शेंगदाणा सावकाश खातो. वीस वर्षं बघतेय, अजून माझ्या डोक्यात जातं.

"तू दीडपट वेगानं बघतेस ना?" ते म्हणाले. "मग चार कशी? खरी सहा झाली असतील."

"गणित मला शिकवू नका. आणि माझ्या आधी गुपचूप बघून का ठेवता हो? काल संध्याकाळी लावला, तर भाग शेवटपर्यंत बघितलेला दाखवत होता."

"मी? मी बातम्यांशिवाय काही बघतो का?"

"मग काय भूत बघतं?"

ते हसले आणि पुढचा शेंगदाणा उचलला.

या गोष्टीला पाच वर्षं झाली. तेव्हा 'दूरचा तळ' नावाची एक अंतराळातली मालिका आली होती. परदेशी होती, पण मराठी आवाज दिलेले, म्हणून आम्ही सगळे तुटून पडलो. नऊ भाग, दर शुक्रवारी एक. गोष्ट एवढीच, की कुठल्याशा दूरच्या चंद्रावर माणसांचा तळ आहे. बाकीचे सगळे निघून गेलेत आणि एक बाई मागं राहिलीय. दुसरं यान येणार आहे म्हणून ती थांबलीय. तिनं निरोप धाडला की उत्तर यायला नऊ तास लागतात. बरेचदा येतच नाही. मग ती दारात जाते, बाहेरचा दिवा लावते, बघते, परत आत येते. झालं. असे नऊ भाग!

माझा स्वभाव आधीच तापट. नाव विद्युल्लता. आमच्या आण्णांचं कराडात मोटर रिवाइंडिंगचं दुकान होतं, म्हणून मुलगी झाल्यावर त्यांना तेच सुचलं. घरी सगळे विजू म्हणतात. पुण्यात मी दहावीच्या मुलांचे गणिताचे क्लास घेते, आणि उत्तर यायला कुणी दोन मिनिटं लावली तर माझा खडू टेबलावर वाजायला लागतो. असल्या बाईनं असली मालिका बघायचीच कशाला? तर भांडायला. फेसबुकवर 'बघ्यांचा कट्टा' नावाचा आमचा ग्रुप होता, तीन-चार हजार माणसं, आणि दर शनिवारी सकाळी माझी पोस्ट वाचायला लोक टपून बसलेले असायचे. माझ्या तोंडाचा पट्टा सुटला की कट्ट्यावर जत्रा भरायची.

ती चार मिनिटं तिसऱ्या भागातली. त्यावर मी लिहिलं, "या बाईला कुणीतरी दाराला कडी लावून द्या हो. मालिका निम्म्या वेळात संपेल." दुपारपर्यंत दीडशे जण हसून गेले. आणि मग खाली एक नवीनच माणूस उगवला. नाव 'कंदील'. फोटोच्या जागी खरोखरच एक कंदील. त्यानं लिहिलं होतं:

"तुम्हाला घाई कसली आहे ती दार उघडते ते उगाच नाही ठेव तिथं अर्धा लिटरच ती बघते बाहेर कोण आलंय का एकटं माणूस दार असंच उघडतं"

ना स्वल्पविराम, ना पूर्णविराम. बोलून टाइप करणाऱ्यांतलं कुणीतरी होतं, आणि बोलता बोलता दारात दूधवाला आला होता. कट्ट्याला काय, आयतंच मिळालं. एकानं विचारलं, "यानाला अर्धा लिटर पुरतं का?" दुसरा म्हणाला, "जाऊन येऊन की एका बाजूचं?" मीही सोडते काय! "कंदीलराव, आधी दूध तापत ठेवा, मग आम्हाला अंतराळ शिकवा," असं ठोकून दिलं.

दुसरा कुणी असता तर गेला असता. हा बसला. मी एक म्हणायची, तो सावकाश तासाभरानं दुसरं म्हणायचा. मी म्हणाले, कथा पुढं सरकत नाही. तो म्हणाला, "सरकते की तुम्ही पुढं ढकलत बसता म्हणून दिसत नाही." मी म्हणाले, त्या दिग्दर्शकाला कात्री द्या. तो म्हणाला, "तुम्ही भात पण अर्धा कच्चाच उतरवत असाल." जयवंतरावांना हे वाचून दाखवलं तर ते इतके हसले, की त्यांना ठसका लागला.

"हा तुला ओळखतो," ते पाणी पिऊन म्हणाले.

"कसला ओळखतोय! अंदाजपंचे."

खोटं कशाला सांगू, मला मजा येत होती.

पाचव्या भागापर्यंत असंच चाललं. पाचव्या भागात त्या बाईच्या तळावरची वीज जाते, आणि पडदा जवळजवळ सगळाच काळा होतो. काही दिसत नाही, नुसता तिचा श्वास ऐकू येतो. वीज परत येते तेव्हा तिच्या हाताला पट्टी बांधलेली असते. मधे काय झालं ते दाखवतच नाहीत. मी पेटले. लिहिलं, "ही सरळ फसवणूक आहे. मधला भाग कुठाय?"

त्यावर कंदीलनं लिहिलं:

"मधला भाग तो गिळका आहे गिळका आपण भरायचा असतो"

मी ते वाचलं. परत वाचलं. क्लासची मुलं समोर बसली होती, फळ्यावर अर्धवट समीकरण होतं. मुलांना म्हटलं, पुढची पाच गणितं सोडवा, आणि स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभी राहिले.

गिळका हा शब्द कुठल्याही कोशात सापडायचा नाही. तो आमच्या घरात तयार झाला. आम्ही लहान असताना कराडात रविवारी संध्याकाळी टीव्हीवर मालिका लागायची, आणि बरोब्बर रंगात आली की लाईट जायची. अर्ध्या तासानं यायची तोवर मालिका संपलेली. मी भोकाड पसरायची. माझा थोरला भाऊ ज्योतीराम, माझा दादा, तेव्हा दहा वर्षांचा असेल. तो म्हणायचा, "रडू नको. लाईटीनं गिळला तेवढा भाग. गिळका झाला त्याचा. मी सांगतो तुला." आणि कंदिलाच्या उजेडात मांडी ठोकून तो मला गिळलेला भाग सांगायचा. "तर काय झालं..." अशी सुरुवात. इतका लांबवायचा, इतका लांबवायचा, की मी त्याच्या मांडीवर बुक्क्या मारायची. "पुढं सांग की रे लवकर!" तो म्हणायचा, "घाई केलीस तर चुकेल." खऱ्या मालिकेपेक्षा दादाचा गिळका भारी असायचा.

हा शब्द आम्हा दोघांचा. तिसऱ्या कुणाला ठाऊक असायचं कारण नव्हतं. आणि वर नाव कंदील. आणखी कसला पुरावा हवा होता?

आता दादाबद्दल सांगितलंच पाहिजे. त्याला मी घालवला. शब्दशः मी. मालिका आली त्याच्याही नऊ वर्षं आधी आण्णा गेले, तेव्हा तो वापीला कारखान्यात होता. आण्णांना दवाखान्यात ठेवलं तेव्हापासून मी फोन करत होते. "निघतो," म्हणाला. चार दिवस "निघतो"च म्हणत राहिला. आण्णा गेले, सगळं उरकलं, आणि पाचव्या दिवशी सकाळी हा दारात उभा. दाढी वाढलेली, पायात धुळीनं भरलेले बूट. मी ओसरीवर होते. चार नातेवाईक बसलेले. मी त्याला आत येऊ दिलं नाही. म्हणाले, "आता कशाला आलास? आम्हाला तूही मेलास." तो बूट काढायला वाकला होता. तसाच उठला, पायरीवरून वळला आणि गेला. का उशीर झाला, काय अडचण होती, मी विचारलंच नाही. आई आत होती. तिला तो दिसलासुद्धा नाही.

त्यानंतर फोन बंद. वापीच्या कारखान्यात चौकशी केली, सोडून गेला म्हणाले. नऊ वर्षं पत्ता नाही.

आई मला कधी एक अक्षर बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. मीच मग फोनवर कमी बोलायला लागले. जास्त बोललं की दादाचा विषय निघेल, ही धास्ती. रविवारी एक फोन, त्यात तीन प्रश्न. बरी आहेस ना, गोळ्या घेतेस ना, काही हवंय का. ठेवते.

त्या संध्याकाळी मी जयवंतरावांना सगळं सांगितलं. ते शेंगदाणे विसरून ऐकत राहिले.

"मग सरळ विचार ना त्याला," ते म्हणाले.

"नको. हात लावला की पळेल. नाव लपवून आलाय म्हणजे त्याला नाव घेतलेलं नकोय."

"मग काय करणार?"

"भांडणार," मी म्हणाले. "मी भांडत राहिले तर तो येत राहील."

आणि मी भांडले! आता गंमत अशी, की मला ती मालिका आवडायला लागली होती. सहावा भाग मी पहिल्यांदा साध्या वेगानं बघितला. ती बाई बाहेरचा दिवा लावते, हाताची सावली काचेवर पडते, आणि ती क्षणभर दचकते, कुणी आलं की काय म्हणून. दीडपट वेगात हे दचकणं मला दिसलंच नव्हतं. मी पदरानं डोळे पुसले आणि मग बसून लिहिलं, "सहावा भाग म्हणजे झोपेची गोळी." काय करणार? चांगलं म्हटलं असतं तर कंदील कशाला बोलला असता?

तो बोलला. दर वेळी बोलला. मी त्याच्या ओळी एका वहीत उतरवून घ्यायला लागले. त्या अर्ध्या लिटर दुधावर तर मी काय काय रचलं! अर्धा लिटर म्हणजे घरात लेकरं नाहीत. बायको असती तर निदान पाऊण लागलं असतं. म्हणजे एकटाच आहे. माझ्यामुळं एकटाच राहिला. क्लासमध्ये शिकवताना मधेच माझ्या मनात यायचं, तो आता दूध तापवत असेल, चहा एकट्याचाच करत असेल.

आईला यातलं काही सांगितलं नव्हतं. तिला आशा लावायची आणि हा परत नाहीसा व्हायचा, तर त्या म्हातारीचं काय?

"टॅब चालतोय ना?" एका रविवारी मी विचारलं. दिवाळीत माझा जुना टॅब तिला देऊन आले होते.

"चालतो की. पत्ते खेळते." मग ती म्हणाली, "तू काय करतेस?"

"लिहायचंय जरा. ठेवते आई."

"बरं, ठेव. लिही लिही."

सातव्या भागात एकही संवाद नव्हता. चाळीस मिनिटं ती बाई उत्तराची वाट बघते, एवढंच. कट्ट्यावर दंगल झाली. कुणी म्हणालं, पैसे परत द्या. कुणी म्हणालं, या मालिकेपेक्षा आमच्या सोसायटीची मीटिंग बरी. मी सर्वांच्या वर आवाज चढवून लिहिलं, "वाट बघणं ही काही गोष्ट असते का? गोष्ट म्हणजे काहीतरी घडावं लागतं." मला त्याच्या तोंडून ऐकायचं होतं.

कंदील दोन दिवस आला नाही. तिसऱ्या दिवशी आला.

"वाट बघताना पुष्कळ घडतं सकाळी वाटतं आज येईल दुपारी वाटतं आज नको यायला भाजी चांगली नाही संध्याकाळी वाटतं दिवा लावू दे म्हणजे घर सापडेल हे रोज घडतं तुम्हाला दिसत नाही कारण तुम्ही धावता"

त्याखाली पहिल्यांदाच कुणी विनोद केला नाही. मी उठून मोरीत गेले, नळ सोडला आणि रडले. दादाही वाट बघतोय, हेच मला त्यातून कळलं. मी बोलवायची वाट बघतोय. मीच हाकललं होतं, तर मीच बोलवायला हवं.

नववा भाग शुक्रवारी दुपारी आला. शेवट काय, तर यान आलं की नाही ते सांगितलंच नाही. दाराबाहेर एक उजेड पडतो, ती बाई दार उघडते, आणि पडदा काळा. कट्ट्यावर शिव्यांचा पाऊस. मी माझी पोस्ट लिहिली, आणि सहा आठवड्यांत पहिल्यांदा खरी लिहिली:

"कंदील, मालिका संपली. आता भांडायला काही उरलं नाही. मी त्या दिवशी चुकले. फार चुकले. दार उघडंच आहे. आता हा शेवटचा गिळका तूच येऊन सांग. मी घाई करणार नाही."

लोकांनी विचारलं, हे काय? मी कुणालाच उत्तर दिलं नाही.

शुक्रवार गेला. शनिवार गेला. कंदीलचं काही नाही. मी दर पाच मिनिटांनी फोन बघत होते. जयवंतराव म्हणाले, "अगं, येईल, वेळ दे." मला तेवढा धीर असता तर आणखी काय हवं होतं! रविवारी सकाळी उठले आणि त्यांना म्हणाले, मी कराडला जाते. आईला सांगते. गेला तर गेला, पण तो जिवंत आहे, बोलतोय, हे तरी तिला कळू दे. तिच्या हक्काचं आहे ते.

दुपारी पोचले. आईनं दार उघडलं आणि मला बघून तिचा चेहरा उतरला. मला वाटलं, न कळवता आले म्हणून घाबरली.

"बरं नाही का गं?" तिनं विचारलं.

"मला काय होतंय? आत तर येऊ दे."

तिनं पाणी दिलं, चहा टाकला. भाकरी खातेस का, म्हणाली. माझ्याकडं बघत मात्र नव्हती. दोनदा साखरेचा डबा उघडून परत लावला. मी तिचा हात धरून तिला खाली बसवलं.

"आई, तुला एक सांगायचंय. दादा सापडलाय."

तिनं गॅसकडं बघितलं.

"म्हणजे भेटला नाही अजून. पण बोलतोय माझ्याशी. सहा आठवडे झाले. नाव लपवून. एका मालिकेवरनं आमचं भांडण चालतं. आई, तो गिळका म्हणाला! तुला तो शब्द माहीत नसेल, आम्ही लहानपणी..."

"विजे," आई म्हणाली. "चहा उतू जाईल."

"जाऊ दे चहा! तुला आनंद नाही का झाला?"

ती उठली. गॅस बारीक केला. पाठमोरीच उभी राहिली. मला राग यायला लागला. नऊ वर्षांनी मुलाची बातमी आणली आणि ही चहा बघतेय! मी तोंड उघडणार तेवढ्यात बाहेर सायकलची घंटी वाजली आणि कुणीतरी हाक मारली, "आजी, दूध!"

आईनं मान वळवली नाही. रोजच्या सवयीनं तिच्या तोंडून आवाज गेला.

"ठेव तिथं. अर्धा लिटरच."

बाहेर किटलीचं झाकण वाजलं, सायकल गेली. टॅब फडताळावर ठेवलेला होता, जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळून. माझ्या नावाचं खातं त्यात मीच चालू करून दिलं होतं, मालिका बघायला. बोलून कसं लिहायचं, तेही मीच दाखवलं होतं. दिवाळीत, दहा मिनिटांत, घाईघाईत.

"आई."

"व्हय गं," आई म्हणाली. "मीच ती."

तिनं हात पुसले. मग ती माझ्यासमोर येऊन बसली, गुडघ्यावर हात ठेवून.

"तू फोनवर दोन मिनिटं बोलतेस," ती म्हणाली. "बरी आहेस ना, ठेवते. आणि शेजारच्या पोरानं टॅबवर ते फेसबुक उघडून दिलं, तिथं बघितलं तर लोकांशी पान-पानभर भांडतेस. म्हटलं, चला, आपण पण भांडू. भांडताना तरी बोलशील." तिनं पदर नीट केला. "आणि मला ती बाई आवडली होती, खरंच. तू उगाच तिला नावं ठेवत होतीस."

"पण गिळका?" मी म्हणाले. माझा आवाज लहान मुलीसारखा फुटला. "तो आमचा शब्द होता. दादाचा आणि माझा."

"तुम्ही दोघं कंदिलापाशी बसायचा," आई म्हणाली. "तो कंदील कोण लावत होतं? काच कोण पुसत होतं? मी काय बहिरी होते?"

त्या सगळ्या आठवणीत मी आईला कुठं ठेवलंच नव्हतं. जणू कंदील आपोआपच पेटायचा.

"शुक्रवारी तुझं वाचलं," ती म्हणाली. "तेव्हा कळलं मला, तू मला कोण समजत होतीस ते. चार वेळा बोलले त्यात, चार वेळा पुसलं. काय लिहू? तो नाही, मी आहे, असं लिहू? तुझा दादा दुसऱ्यांदा घालवू?"

मी तिच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि रडले. दादासाठी रडले, की तिच्यासाठी, मला सांगता यायचं नाही. "मला माफ कर," मी म्हणाले. "मी त्याला दारातनं घालवला. तुला बघूसुद्धा दिला नाही."

तिचा हात माझ्या केसांवरून फिरत राहिला.

"आवाज ऐकला होता मी त्याचा," ती म्हणाली. "आत त्याचा चहा टाकला होता. बाहेर आले तोवर गेला होता. कप हातात घेऊन रस्त्यापर्यंत गेले मी. तू कुणाशी तरी बोलत होतीस, तुला दिसलं नसेल."

हे ती नऊ वर्षं बोलली नव्हती. मी विचारलंच नव्हतं.

"त्या दुधावरनं मी रडत होते गं आई," मी म्हणाले. "अर्धा लिटर म्हणजे दादा एकटाच राहतो, असं धरून बसले होते. त्याच्यासाठी जीव तुटत होता माझा. आणि अर्धा लिटर घेणारं माणूस इथं होतं."

"मला काय धाड भरलीय," आई म्हणाली, आणि डोळे पुसून हसली. चहा तोपर्यंत खरोखरच उतू गेला होता. दोघींनी मिळून ओटा पुसला.

संध्याकाळी चारच्या गाडीनं परत जायचं असं मी ठरवलं होतं. गेले नाही. जयवंतरावांना फोन केला, सोमवारचे क्लास बंद ठेवले. आई तांदूळ निवडत ओसरीवर बसली, आणि मी पायरीवर. त्याच पायरीवर. बाहेर अजून उजेड होता. लाईटही होती. तरी मला ते सुचलं.

"आई, दादाचा गिळका सांग ना."

तिनं सुपातून मान वर केली. "कसला?"

"तो या पायरीवरनं गेला तिथपासून. मधलं सगळं गिळलंय. तू भर."

"मला कुठं येतंय त्याच्यासारखं."

"येतं. वाचलंय मी सहा आठवडे."

ती बराच वेळ तांदळातून बोट फिरवत राहिली. एक खडा काढला, अंगणात टाकला. आयुष्यात पहिल्यांदाच मला वाटलं, तिनं लागेल तेवढा वेळ घ्यावा.

"तर काय झालं," आई म्हणाली, "तो इथनं निघाला तो चालतच स्टँडवर गेला. गाडी मिळाली. लांबचं गाव मिळालं. तिथं मोटरी बांधायचं दुकान टाकलं त्यानं, आण्णांसारखं. हात चांगला आहे त्याचा. बायको पण मिळाली. जरा तापट आहे, तुझ्यासारखी."

"मग?"

"घाई करू नको, चुकेल," आई म्हणाली. तिनं सूप खाली ठेवलं आणि रस्त्याकडं बघितलं. "सकाळी त्याच्या दारात दूधवाला येतो. हाक मारतो. तो आतनं सांगतो, ठेव तिथं." ती थांबली. मी वाट बघत राहिले.

"एक लिटर घेतो तो," आई म्हणाली. "लेकरं आहेत घरात."